कल्पनाचित्रांची वही : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले की विद्यार्थी ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि दप्तरे यांची नावे घडाघडा सांगतात. शाळकरी वयातील चित्रकलेची वही त्यांत कोणी मोजत नाही. ती वही उडत्या तबकड्या, परग्रहावरील प्राणी आणि चंद्रावरची गावे यांनी भरलेली असेल, तर वार्षिक परीक्षेनंतर तिची रवानगी रद्दीतच होते. अशी वही हेही एक साधन आहे. ज्यांच्या पूर्वजांविषयी बहुतेक दुसऱ्यांनीच लिहून ठेवले, त्या समाजासाठी तर ते विशेष मोलाचे आहे. हे सोदाहरण दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम पद्धतीचा विचार करू. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात सिंहल अवदानाची कथा रंगवलेली आहे. समुद्रपर्यटनास निघालेले व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर जाऊन पोहोचतात, अशी ती अद्भुत कथा. पाचव्या शतकातील चित्रकाराने राक्षसीण पाहिलेली नव्हती. परंतु त्याने रंगवलेले हत्ती, घोडे, शस्त्रे, वस्त्रे आणि अलंकार त्याच्या नित्य परिचयाचे होते. म्हणूनच अभ्यासक त्या भिंतीवरून वाकाटककालीन जीवन वाचू शकतात. यातून एक नियम निघतो : न पाहिलेले रंगवताना माणूस पाहिलेल्याच वस्तू हाताशी घेतो.

हा नियम आम्ही आमच्याच जुन्या वहीस लावून पाहिला. आम्ही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. हौस मात्र पाचवीपासूनची. या वहीतील चित्रे १९७९ ते १९८४ या काळातील आहेत. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही अवकाश प्रयोगशाळा कोसळली. तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण त्याआधी ती आपल्याच डोक्यावर पडणार, या भीतीने घरोघरी चर्चा चालली होती. वहीचे पहिले पान त्याच दिवसांतले आहे. शेवटचे पान ३ एप्रिल १९८४ नंतरचे, म्हणजे राकेश शर्मा सोयुझ टी-११ यानातून अंतराळात गेले त्यानंतरचे. मधल्या काही पानांवर काळीकुट्ट वर्तुळे आहेत. ती जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह हाती आल्यानंतरची.

आता चित्रांतील तपशील पाहू. आमच्या अवकाशयानाला एका बाजूस उलांडी आहे. मालवण किनाऱ्यावरील होडी कलंडू नये म्हणून बाजूस जे आधाराचे लाकूड बांधतात, ते अवकाशात निरुपयोगी. पण उलांडीवाचून होडी कशी तरंगेल, हा किनाऱ्याजवळच्या मुलाचा प्रश्न त्यात उतरला आहे. परग्रहावरील प्राणी दशावतारातील संकासुरासारखा काळा असून त्याची लाल जीभ बाहेर लोंबते आहे. चंद्रावरची घरे जांभ्या चिऱ्यांची आणि कौलारू आहेत. चंद्रावर पाऊस नाही, तरी छपरे उतरती! कट्टा आणि आसपासच्या वाड्यांत वाढलेल्या मुलास पावसावाचून घराची कल्पना करता येत नव्हती, हेच त्यातून दिसते.

येथवर वरील नियम तंतोतंत लागू पडतो. परंतु त्या गावात एक गोष्ट अशी आहे की जी त्यात बसत नाही. गावाच्या मध्यभागी विहीर आहे. ती एकच आहे, आणि तिच्या चारही बाजूंना रहाट लावलेले आहेत. कोणता पाणवठा कोणाचा, हे आमच्या बालपणी लहान मुलांनाही सांगावे लागत नसे. तेव्हा ही विहीर पाहून काढलेली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, ते आमच्या घरात वारंवार बोलले जाई. त्या ऐकलेल्या गोष्टीतून ही विहीर चंद्रावर गेली असावी.

म्हणून नियमास एक पुस्ती जोडावी लागते. कल्पनाचित्रात भोवताली जे आहे ते येतेच. पण भोवताली जे असायला हवे होते आणि नाही, तेही येते. पहिला भाग अन्य साधनांतही सापडतो. जांभ्याची घरे सरकारी नोंदींत मिळतील, होड्यांची छायाचित्रे मिळतील. अकरा वर्षांच्या मुलास कोणते गाव हवे होते, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ती त्याच्या वहीतच असते.

अशा रेखाटनांचे मोल जगाच्या इतिहासातही दिसते. रशियातील कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की (१८५७–१९३५) हे व्यवसायाने शाळामास्तर. बालपणीच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. पुढील बहुतेक अभ्यास त्यांनी ग्रंथालयात बसून स्वतःच केला. १८८३ साली त्यांनी एका हस्तलिखितात साधेसे अवकाशयान रेखाटले. आतील माणसे वर-खाली असा भेद न राहिल्याने तरंगताना दाखवली. तेव्हा विमानही उडालेले नव्हते. अग्निबाणाच्या साहाय्याने अवकाशप्रवास कसा शक्य आहे, हे त्यांनी १९०३ साली गणिताने मांडले. १९३३ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, एका चित्रपटाच्या निमित्ताने त्यांनी पुन्हा तीच तरंगती माणसे आणि तीच याने रेखाटून एक चित्रवही तयार केली. चित्रकार म्हणून त्यांचा हात अखेरपर्यंत साधाच राहिला. तरीही पन्नास वर्षांच्या अंतराने काढलेली ही रेखाटने शेजारी ठेवली की एका माणसाने कोणता ध्यास सोडला नाही, हे स्पष्ट दिसते.

जुनी वही वाचताना चार प्रश्न विचारावेत. चित्र केव्हाचे? त्या सुमारास कोणती घटना किंवा पुस्तक गाजत होते? चित्रातील कोणत्या वस्तू भोवतालच्या आहेत? आणि भोवताली नसलेली कोणती गोष्ट मुलाने मुद्दाम घातली आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. शक्य असल्यास चित्र काढणाऱ्यासच विचारावे.

जतन करणेही कठीण नाही. प्रत्येक चित्राच्या मागे नाव, इयत्ता आणि वर्ष पेन्सिलीने हलकेच लिहावे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग पुढे कागदातच उतरतो. दोन पानांच्या मध्ये कोरा कागद घालावा. आपल्याकडच्या पावसात दमट भिंत आणि कसर हे कागदाचे मोठे शत्रू. म्हणून वही पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीपासून उंच ठेवावी आणि पावसाळा सरल्यावर सावलीत उघडून वारा द्यावा. मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे, पण मूळ वही टाकू नये. जुन्या रेषा आता सुधारू नयेत. वाकडी रेषा हाही पुरावाच असतो.

पालकांस विनंती की मुलाने दोन डोक्यांचा प्राणी किंवा समुद्राखालचे शहर काढले, तर “असे कुठे असते का?” असे म्हणू नये. “येथे कोण राहते? पाणी कोठून आणतात?” असे विचारावे, आणि मिळालेले उत्तर चित्रामागे लिहून ठेवावे. माजी विद्यार्थ्यांनीही आपली ट्रंक एकदा उघडावी. वसतिगृहाच्या कंदिलाखाली किंवा दिव्याखाली काढलेले एखादे पान अजून तळाशी असेल. त्यावर तारीख नसेल, तर ती आठवणारी माणसे आज आपल्यात आहेत. तोवरच ती लिहून घ्यावी.