निकाल बदलला नाही, कायदा बदलला

प्रश्न : बलात्काराच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटल्यावर निदर्शने करून काही साधते का?

उत्तर : साधते, देसाईगंजचे प्रकरण त्याचा पुरावा आहे. मार्च 1972 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकार दिसत नव्हता. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, पोलिसांपुढे त्या पोरीने प्रतिकार करायचा तरी कसा?

हाच सवाल 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुल्या पत्रातून विचारला. पुढच्याच वर्षी मुंबई-दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

निकाल काही फिरला नाही, आणि ही खंत उरतेच. 1983 मध्ये मात्र कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते. उलट सिद्ध करणे आरोपीवर येते. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरला, तोही याच दुरुस्तीने.