स्टुटगार्टला निघालेल्या भाचीस



व्हिसा हातात पडल्याचं दादाने कळवलं. बॅगेत काय भरायचं ते वहिनी बघेलच, मी तिथल्या रीतीभातींचं लिहिते.

जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुझं नाव, बस्स. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि तिथे अजूनही बरंच काही टपालानेच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या. म्हणून पोचल्याबरोबर पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटव. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत नोंदणी करायची असते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की सरकारी टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचंही पत्र येईल, दर घरामागे महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते. फसवणूक समजून पत्र फेकू नकोस. घरात चौघी असलात तरी वर्गणी एकच, वाटून घ्या.

स्टुटगार्टची खास गोष्ट म्हणजे झाडलोटीची पाळी. मी तिथे असताना आमच्या इमारतीत एक छोटी पाटी दर आठवड्याला या दाराच्या मुठीवरून त्या दारावर जायची. पाटी ज्याच्या दारावर, त्याने जिना आणि दारापुढचा फूटपाथ झाडायचा. या प्रथेचं मूळ १४९२ च्या शहर-नियमांपर्यंत नेतात. खालच्या मजल्यावरच्या आजी कोपऱ्यातली धूळ बोटाने दाखवायच्या, तेही अगदी शांतपणे, आणि दुसऱ्या दिवशी हसून नमस्कार करायच्या. आपल्याकडे शेजारी अशी गोष्ट मनात धरून ठेवतात आणि वर्षभराने सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढतात. तिथे तोंडावर सांगून टाकतात आणि विषय संपतो. तुला हे सुरुवातीला लागेल, कारण तू दादाची मुलगी, पटकन डोळ्यांत पाणी येणारी. पण तो अपमान नसतो. चालणाऱ्यांचा लाल सिग्नल तोडलास तर दंड पाचच युरो, पण एखादी अनोळखी बाई लहान मुलांदेखत तुला ऐकवेल. ‘सॉरी’ म्हण आणि पुढे चालू लाग.

मेट्रोला फाटक नाही, कोणी अडवत नाही. म्हणून विनातिकीट बसू नकोस. साध्या कपड्यांतला तपासनीस कधीही उभा राहतो आणि ६० युरो घेतो. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही मात्र आता निव्वळ दंतकथा. लांबच्या प्रवासात गाडी बदलायची असेल तर हाताशी अर्धा तास ठेव.

थंडीत खिडक्या बंद करून फोडण्या घालत बसू नकोस. भिंतीला बुरशी धरते आणि मग डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. भाडेकरारात हे लिहिलेलंही असतं. पाण्याची रिकामी बाटली कचऱ्यात टाकू नकोस, तिच्यावर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या मशीनला दिलीस की पावती मिळते, ती बिलातून वजा होते. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणालाही आदल्या दिवशी देऊ नकोस, तिथे तो अपशकुन. तुझा वाढदिवस असेल तर केक तूच न्यायचा.

रविवारचं नीट लक्षात ठेव. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेने संरक्षण दिलं आणि ते कलम १९४९ च्या घटनेतही कायम ठेवलं. त्यामुळे वाण्याचं दुकान, मॉल, सगळं बंद. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्याही कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. उघडं काय, तर पेट्रोल पंप, स्टेशनवरची दुकानं आणि सकाळी काही बेकऱ्या. तुझं विमान शनिवारी रात्री उतरतंय, तेव्हा वहिनीला सांग, पोहे आणि भाजलेला रवा हातातल्या बॅगेतच दे.

तुझी,
सुमाआत्या
हॅम्बुर्ग