आधी थांब, मग बोल

बाय, पहिलं सांगते: तुझ्या लेकाला कुणाची नजर लागलेली नाही, आणि तुझं काही चुकलेलंही नाही. पण तीन वर्षांचा झाला तरी हाकेला वळत नाही, हवं ते बोट करून दाखवत नाही, तर ‘त्याचो बापूसय उशिराच बोललो’ या बोलण्यावर विसंबू नको. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यांना आपणहून सांग. आधी कान तपासून घे. पुढच्या तपासणीला ओरोसच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं तर टाळू नको. स्वमग्नता (ऑटिझम) निघाली तरी घाबरू नको, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे; शाळेत मदत मागणं हा त्याचा हक्कच.

तोवर घरी बरंच करता येतं. इन्सुलीहून पत्रादेवी ओलांडली की गोवा. तिथं ‘संगाथ’ संस्थेतर्फे, आणि तिकडे पाकिस्तानात रावळपिंडीत, मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक अभ्यास झाला. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते आईबापांना मुलाशी खेळतानाचा त्यांचाच व्हिडिओ दाखवायचे: बघा, इथं तो तुमच्याकडे वळला होता, तुम्ही घाई केलीत. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. अशी मदत मिळालेल्या घरांतली मुलं, ती न मिळालेल्यांपेक्षा, आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली होती.

तूही तेच कर. हायवेवरचे ट्रक बघत तो पडवीत बसतो ना? शेजारी खाली बस. ‘हा काय? रंग कुठला?’ अशी उलटतपासणी नको. ‘ट्रक इलो!’ एवढंच म्हण आणि मनातल्या मनात दहा मोज. तो बघेल, हात ओढेल, नुसता आवाज काढेल. तेच त्याचं बोलणं. त्याला लगेच उत्तर दे. आणि हो, मालवणी सोडू नको. घरात दोन भाषा असल्यानं असं होत नाही.

चतुर्थीला मुंबईकर येतील, ‘नाव सांग बघू’ म्हणून घेरतील. त्यांना आधीच फोन करून सांग. त्याच्या हातून प्रसाद वाटायला लाव, ओळख तशीच होईल. झांजांचा त्रास झाला तर आरतीपुरता मागच्या दारी ने, लाजू नको.

या आठवड्यात दोनच कामं कर. पथक कधी येतंय ते अंगणवाडीताईंना विचार, आणि घरात खेळतानाचा त्याचा व्हिडिओ काढून ठेव. परक्या माणसांपुढे तो बुजेल. तपासणाऱ्याला घरातला तो दिसायला हवा.