अडवणे आणि मारणे : एकच क्रिया

प्रश्न : मी शोतोकान कराटे शिकतो. जोडीच्या सरावात ब्लॉक नीट बसतो, पण ठोसा मारेपर्यंत समोरचा दूर गेलेला असतो. काय करू?

उत्तर : तुमचे अडवणे आणि मारणे सुटे राहिले आहे. गोहोन कुमिते या जोडीच्या सरावात पाच हल्ले मागे जात अडवून शेवटी एकच ठोसा मारायचा असतो. त्याच सरावावर थांबल्यास अडवणे आणि मारणे सुटे ठेवण्याची सवय लागते.

म्हणून एकाच हल्ल्याच्या किहोन इप्पोन कुमितेत आगे-उके (वरचा ब्लॉक) करताना कंबर तिरकी उघडा आणि तीच कंबर पुढे फिरवत ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) मारा. ठोशाची ताकद ब्लॉकमध्येच साठते. मध्ये थांबलात की ती वाया जाते. सरळ मागे न जाता तिरके सरका, म्हणजे समोरचा टप्प्यात राहील.

पुढे काएशी इप्पोन कुमिते करा. त्यात अडवणारा लगेच पाऊल टाकून हल्ला करतो आणि पहिल्या हल्लेखोराला तो हल्ला अडवून उत्तर द्यावे लागते. दोघेही दोन्ही बाजू शिकतात.

साथीदाराचा ठोसा नेमका तुमच्या दिशेने यायला हवा. बाजूला मारलेला ठोसा अडवून काहीच शिकता येत नाही. वेग हवा तितका कमी ठेवा, नेम मात्र खरा ठेवा.