बांधावरील अडुळसा : गुण आणि मर्यादा

खेड्यात कोणास खोकला झाला की घरातील वडीलधारी माणसे प्रथम अडुळशाची पाने आणावयास सांगतात. हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून त्यास शास्त्राचाही आधार आहे. परंतु तो कोठवर पुरतो, हे ठाऊक नसल्यास त्यापासून अपाय संभवतो. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी या झुडपाची माहिती नीट करून घ्यावी.

ओळख : अडुळसा हे सदाहरित झुडूप असून ते सामान्यतः पुरुषभर उंच वाढते. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची, १० ते २० सेंटिमीटर लांब असतात व चुरगळल्यास उग्र दर्प येतो. फुले पांढरी, दोन ओठांची व आत जांभळट रेषा असलेली असतात. फुलाचा आकार सिंहाच्या उघड्या मुखासारखा दिसतो, म्हणून संस्कृतात यास ‘सिंहास्य’ म्हणतात. ‘वासा’ हे त्याचे दुसरे नाव होय.

शेतीतील उपयोग : दर्प व कडूपणा यांमुळे गुरे आणि शेळ्या या झुडपास सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे ते कुंपणास सोयीचे पडते. पावसाळ्याच्या आरंभी तीनचार डोळ्यांची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची पक्व छाटकलमे घ्यावीत व दोन डोळे मातीत जातील अशा बेताने बांधावर लावावीत. छाटणीचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून गाडता येतो.

औषधी गुण : पानांत व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या योगाने कफ पातळ होऊन सुटतो व श्वासनलिका मोकळ्या होतात. याच द्रव्याच्या आधारे पुढे ब्रोमहेक्झीन हे खोकल्यावरील आधुनिक औषध तयार करण्यात आले. ताज्या पानांतून रस फारसा निघत नाही. म्हणून पाने धुऊन, वाफवून मग पिळावीत. मोठ्या माणसास साध्या खोकल्यात दोन चहाचे चमचे रस मधातून देण्याचा प्रघात आहे.

सावधगिरी : व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते; म्हणून गर्भवती स्त्रियांना अडुळसा मुळीच देऊ नये. एक वर्षाच्या आतील बालकास मध चाटवू नये व खोकल्यासाठी त्यास डॉक्टरांकडेच न्यावे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट क्षयरोगाची. शिवारफेरीत एका घरी कर्त्या पुरुषास तीन महिने अडुळशाचा काढा चालू असल्याचे प्रस्तुत लेखकास आढळले. कफ सुटे, रोग्यास बरे वाटे, आणि तपासणी लांबणीवर पडे. अखेर थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. तोवर घरातील एका मुलासही त्याची लागण झाली होती. काढ्याने कफ सुटतो. क्षयाचे जंतू मरत नाहीत.

यास्तव दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास, सायंकाळी ताप येत असल्यास, वजन घटत असल्यास वा थुंकीतून रक्त पडल्यास विलंब न लावता सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. तेथे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. नेहमीच्या क्षयावरील उपचार सुमारे सहा महिने चालतात. बरे वाटू लागले तरी ते मध्येच सोडू नयेत.

बांधावर अडुळसा अवश्य लावावा. मात्र पंधरवडा उलटूनही खोकला हटला नाही, तर पाने खुडावयास न जाता दवाखान्याची वाट धरावी.