उचल फिटेपर्यंत सुटका नाही, हे खोटे आहे



भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्या जोडीला जिवांचा व्यापार आहे. अंगुत्तर निकायातील हा भाग ऐकताना वाटते, गुलामांचे बाजार तर केव्हाच उठले. बाजार उठले, व्यवहार उठला नाही. आपल्याकडे तो पुष्कळदा उचलीच्या नावाने चालतो.

दसऱ्याच्या सुमारास मुकादम वस्तीत येतो. नवराबायकोचा एक कोयता धरून रोख रक्कम हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. (दिवाळीनंतर आमच्या हजेरीपटावर कोणती नावे गळतात ते कोणाही मास्तराला विचारा.) उचल घेणे गुन्हा नव्हे, आणि प्रत्येक मुकादम दुष्ट असतो असेही नाही. पण 'अंगावर बाकी आहे' म्हणून फडावरून निघू न देणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, किमान वेतनही न देता राबवणे, बाईला किंवा पोराला डांबून ठेवणे, ही वेठबिगारी होय. वीटभट्टीवर, दगडखाणीवर, सालगड्याच्या बाबतीतही हेच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले, तेव्हाही प्रश्न हाच होता : मोबदला नावाचा आणि राबणे अष्टौप्रहर. पुढे संविधानाच्या २३व्या कलमाने माणसांचा अपव्यापार आणि वेठ या दोहोंना बंदी केली.

आता मुख्य गोष्ट. आपली माणसे प्रामाणिक, म्हणून 'घेतले ते फेडलेच पाहिजे' या भावनेने अडकून राहतात. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. त्यापोटी पैसे वसूल करणे हाच गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर, मजुरावर नाही. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात सांगितले की, सक्तीने काम करून घेतले जात असेल तर ते उचलीपोटीच आहे असे धरून चालावे. ते प्रकरण न्यायालयाला लिहिलेल्या एका पत्रातून उभे राहिले होते, हेही लक्षात ठेवा.

म्हणून अर्ज लिहा. तो जिल्हाधिकाऱ्याच्या नावे करावा व प्रत प्रांत आणि तहसीलदार यांना द्यावी. नातेवाईक, शेजारी, कोणीही देऊ शकतो. अडकलेल्या प्रत्येकाचे नाव व वय, पोरांसकट. मुकादमाचे व मालकाचे नाव. जागा कोणत्या गावाच्या शिवारात. उचल किती, कधी घेतली. कोणाला अडवून ठेवले आहे, हे सर्व घाला. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. मुकादमाला आधी सुगावा लागू देऊ नका, जमाव करून फडावर जाऊ नका. रातोरात माणसे हलवली जातात. जिवाला धोका असेल तर ११२, मूल असेल तर १०९८. पोलिसांनी 'आमची हद्द नाही' म्हटले तरी गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. वकिलासाठी १५१०० वर बोला. वेठीत सापडलेल्याला तो फुकट मिळतो, उत्पन्न विचारले जात नाही.

'तुम्ही बौद्ध झालात, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तुम्हाला नाही,' असे कोणी ऐकवील. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा त्या यादीत १९९० पासून समावेश आहे. वेठीला लावणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर त्या कायद्याखालीही गुन्हा नोंदवायला सांगा.

सुटका झाल्यावर नुसते एस.टी.त बसवून गावी पाठवतात, तेवढ्यावर समाधान मानू नका. मुक्ती प्रमाणपत्र मागा. केंद्रीय योजनेतील पुनर्वसनाची रक्कम, पुरुषाला एक लाख, स्त्रीला व बालकाला दोन लाख, त्या प्रमाणपत्राशी बांधलेली आहे. बायकोचे आणि पोरांचे नाव त्यात आले की नाही, ते तिथेच वाचून घ्या.