नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही

चि. सोनू हिस,


परवा रात्री फोनवर तू रडत होतीस, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. रडणाऱ्या माणसाला शिकवू नये. आता दोन दिवस गेलेत, तेव्हा शांतपणे लिहितो. तूही शांतपणे वाच.

झालं ते असं. सोयरीक ठरत असलेल्या एका मुलीच्या वडिलांनी तुला विचारलं, "वकीलीणबाई, मुलाचं नाव कोर्टात कुठं आहे का तेवढं बघा." तू मोबाइलवर ई-कोर्ट्स उघडलंस, जिल्हा निवडलास, नाव टाकलंस. चेक न वटल्याच्या एका खटल्यात त्याच नावाचा आरोपी निघाला आणि पुढं एनबीडब्ल्यू, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट, असा शेरा. तू म्हणालीस, "हो, पकड वॉरंट आहे." दोन दिवसांत सोयरीक मोडली. आठव्या दिवशी कळलं की तो आरोपी दुसऱ्याच तालुक्यातला, बापाचं नाव वेगळं, आणि या मुलापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्या मुलाचं नाव मी या पत्रातही लिहीत नाही. ते एकदा नको तिथं घेतलं गेलं, तेवढं पुरे.

सोनू, मी एकतीस वर्षं तालुका कोर्टात फौजदारी टेबलावर काढली. वॉरंटं लिहिली, सही-शिक्क्याला ठेवली, पोलीस ठाण्याला पाठवली, न बजावता परत आलेली फायलीला लावली. त्यावरून सांगतो. वॉरंट हे कुणाच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. कोर्टानं बोलावलं आणि माणूस आला नाही, एवढंच बहुतेक वॉरंटांत म्हटलेलं असतं. साक्षीला न आलेल्या पंचाच्या नावावरही वॉरंट निघतं. तो का आला नाही, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. ते शोधणं तुझं काम.

आधी शोधायचं कसं ते नीट समजून घे. आपल्याकडे नाव टाकलं की वॉरंट दिसेल अशी एकच जाहीर यादी नाही. सापडतो तो खटला, आणि खटल्याच्या आत वॉरंट. नावावरून शोधायला वर्ष लागतं, शिवाय प्रलंबित आणि निकाली दोन्ही बघावे लागतात. इंग्रजी स्पेलिंग टायपिस्टाच्या मनावर असतं. दत्तात्रयाच्या शेवटी कुणी ए लावतो, कुणी लावत नाही. म्हणून पक्षकाराला पहिल्यांदा घरात काय कागद आहे ते विचार. जुनं समन्स, जामिनाची पावती, एफआयआरची प्रत, काहीही. खटल्याचा नंबर किंवा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की चूक व्हायला जागा उरत नाही. यातलं काहीच नसेल, तर नुसत्या नावावर कधीही बोलू नकोस. बापाचं नाव, गाव, वय, पोलीस ठाणं, फिर्यादी कोण, या पाचांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा नियम आजपासून स्वतःला घालून घे.

स्क्रीनवर एनबीडब्ल्यू दिसलं तरी तिथं थांबू नकोस. एकेका तारखेला काय झालं ते उघडून वाच. कधी वॉरंट मागच्याच तारखेला रद्द झालेलं असतं आणि पुढचा टप्पा भरायचा राहिलेला असतो. कधी आदेश झालेला असतो, पण फिर्यादीनं प्रोसेस फी न भरल्यामुळं कागद निघालेलाच नसतो. हे मोबाइल सांगत नाही. ते मूळ फाइलीतला रोजनामा सांगतो आणि टेबलावरचा कारकून सांगतो. वकीलपत्र दाखल कर, फाइल बघायचा अर्ज दे, शंका असेल तर नकलेचा अर्ज दे. तुझ्यासारख्या नव्या वकिलाला टेबलाशी उभं राहायची लाज वाटते, हे मी पाहिलंय. तसं करू नकोस. नम्रपणे विचारलंस तर कारकून सांगतो. आम्हीही सांगत होतो.

आणि सापडलेलं सांगायचं कुणाला? ज्याचं आहे त्याला. कोर्टाचं रेकॉर्ड उघडं असतं ते न्याय बंद दाराआड होऊ नये म्हणून. पारावर चघळायला ते उघडं ठेवलेलं नाही. सोयरिकीसाठी कुणी विचारलं तर म्हणावं, "मुलालाच विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्याच्यासमोर बघू."

आता वॉरंट मिटवायचं कसं, हे सांगताना मला एक माणूस आठवतो. भाऊबंदांच्या बांधावरच्या मारामारीत आरोपी होता. जामीन झाला, दोन तारखा केल्या, मग ऊसतोडीला गेला. तारखा चुकल्या, वॉरंट निघालं. सहा वर्षं तो गावात अंधार पडल्यावर यायचा आणि उजाडायच्या आत जायचा. आई गेली तेव्हाही तो लोकांच्या मागं, लांब उभा होता. दहाव्याचं मुंडण झालेल्या डोक्यानं तो वकिलाबरोबर कोर्टात आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि घडीवर फाटलेलं जुनं समन्स. साहेबांनी विचारलं, "का आला नाहीस?" तो म्हणाला, "भीती वाटली." दंड भरून घेतला, नवीन जामीनदार घेतला, वॉरंट रद्द झालं. जेवणाच्या सुट्टीआधी तो मोकळा होता. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यानं मला विचारलं, "भाऊसाहेब, एवढंच होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या बाकावर नंतर मी किती माणसं तशीच बसलेली पाहिली. म्हणून कळकळीनं सांगतो, वॉरंट लपून जिरत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७०, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२, दोन्ही एकच सांगतात: ज्या कोर्टानं काढलं त्यानं रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत असतं. वर्षं लोटली म्हणून ते मरत नाही. उलट वाढत जातं. पुढं फरारीचा जाहीरनामा निघतो, मग मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि जाहीरनाम्यालाही हजर न होणं हा स्वतंत्र गुन्हा होतो. वॉरंट असेल तर पासपोर्टही नाकारता येतो. पक्षकार तरुण असेल तर त्याला हे आधी समजावून सांग.

मग पक्षकाराला घेऊन सकाळी, पुकाऱ्याच्या आधी, कोर्टात जा. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, गैरहजेरीचं खरं कारण, आणि त्याचा पुरावा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, बाहेरगावी कामाला असेल तर मुकादमाची किंवा मालकाची चिठ्ठी. जामीनदार बरोबर हवा, त्याचा सातबारा, आधार, फोटो. जुना जामीनदार असेल तर त्यालाही कळव, कारण मुचलका जप्त होऊन नोटीस त्याच्या दारात जाते. खोटं कारण कधी लिहू नकोस. साहेब रोज शंभर कारणं ऐकतात, खरं कुठलं ते त्यांना कळतं. आणि पक्षकारालाही खोटा धीर देऊ नकोस. गुन्हा गंभीर असेल किंवा वारंवार दांडी मारली असेल, तर कोठडीही होऊ शकते, हे आदल्या दिवशीच सांग. पोटगीच्या वसुलीचं वॉरंट असेल तर नुसत्या अर्जावर भागत नाही, पैशांची तयारी लागते. बायको-पोरांच्या ताटातलं ते अन्न आहे, हेही त्याला सांगायला कचरू नकोस.

समोरच्या बाजूची घाईही तुला अडवता आली पाहिजे. समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि त्यानंतरच अजामीनपात्र, अशी पायरी धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात बजावलं आहे. पहिलं समन्स बजावलंच गेलं नसेल, तर ते रोजनाम्यातून दाखवून दे.

वॉरंट रद्द झालं की काम संपलं असं समजू नकोस. २००२ साली मुंबईत एका वकिलालाच रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाली, तीही १५ ऑगस्टला. सुट्टीचा दिवस, जवळ आदेशाची प्रत नाही. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११ मध्ये अजामीनपात्र वॉरंटांची नोंद, तारीख आणि परतावा कसा ठेवायचा याच्या सूचना न्यायालयानं दिल्या. म्हणून रद्द झाल्याचं पत्र त्याच दिवशी हातोहात घे, स्वतः पोलीस ठाण्यात दे, पोच घे, आणि वॉरंट रजिस्टरात नोंद झाली का ते विचार. एक प्रत पक्षकाराच्या खिशात राहू दे.

हल्ली फोनवर येणाऱ्या वॉरंटांचंही लोकांना सांगत जा. खरं वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, आणि मागितलं तर पोलिसांनी ते दाखवायचं असतं. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी वॉरंट दाखवून पैसे मागितले तर फोन ठेवायचा आणि १९३० वर कळवायचं. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याला तालुका विधी सेवा समितीकडं ने. १५१०० हा नंबर तुझ्या टेबलावर लिहून ठेव.

आता शेवटचं, आणि हेच आधी करायचं. त्या चेकच्या खटल्यातल्या फिर्यादीची प्रमाणित नक्कल मिळायला थोडे दिवस लागतील, तोवर थांबू नकोस. उद्याच मुलीच्या वडिलांना घेऊन त्या मुलाच्या घरी जा. चूक तू केलीस, हे त्याच्या आईसमोर, तुझ्या तोंडानं सांग. नक्कल आली की ती त्यांच्या हातात दे. लग्न जुळेल का, ते त्यांचं ते बघतील. ते ऐकून घेणार नाहीत, दारातूनच परत पाठवतील, असंही होईल. तरी जा. ज्यांना तू उद्या "भिऊ नका, कोर्टासमोर उभे राहा" म्हणणार आहेस, त्यांच्याआधी तू एकदा अशी उभी राहिलेली असली पाहिजेस.

मी उद्या सकाळच्या एस.टी.नं येतो. तुला वाटलं तर बरोबर येईन, पण बोलायचं तुलाच.

तुझा,
मामा